विमानतळ झाला, मग विमान का येत नाही?

वर्षावास संपत आला की विहारांमध्ये धम्मसहलींची बोलणी सुरू होतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती, लुंबिनी ही नावे निघतात. आयोजक पत्रके वाटतात. घरातून कोण जाणार, भिशीतले किती पैसे हाताशी आहेत, याचा हिशोब होतो. आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे गेल्या काही वर्षांत या बोलण्यांत एक प्रश्न हमखास येतो: "कुशीनगरला आता आंतरराष्ट्रीय विमानतळ झालाय ना? मग आपण थेट विमानानेच का जात नाही?" बहुतेक वेळा हा प्रश्न ज्येष्ठ उपासिका विचारतात. गुडघे साथ देत नाहीत, दोन दोन रात्री रेल्वेच्या बाकावर काढणे आता झेपत नाही आणि डोळे मिटण्याआधी एकदा तथागतांच्या महापरिनिर्वाणाची जागा पाहायची आहे, एवढीच त्यांची इच्छा असते.

उत्तर सोपे नाही. विमानतळ आहे हे खरे. पण विमानतळ असणे आणि तिथे विमान येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घ्यायचा असेल तर देशातील हवाई वाहतुकीचे आकडे नीट वाचावे लागतात. हे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात, वर्तमानपत्रांत "विक्रमी प्रवासी" अशा मथळ्याने छापून येतात आणि आपण ते वाचून पुढे जातो. आमच्या मते ते आपल्या कामाचे आहेत. कारण त्यांवरून तीन गोष्टी ठरतात: आपली माणसे धम्मयात्रेला कशी जाणार, आपली मुले कोणत्या नोकरीच्या आशेने फी भरणार आणि आपण समाज म्हणून सरकारकडे नेमके काय मागणार.

आकडा माणसांचा नसतो, फेऱ्यांचा असतो

भारतात हवाई वाहतुकीचे दोन मुख्य आकडे प्रसिद्ध होतात. एक भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा आणि दुसरा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, ज्याला आपण डीजीसीए म्हणतो. दोन्ही खरे असतात, पण मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

प्राधिकरण प्रत्येक विमानतळावर चढलेले आणि उतरलेले प्रवासी मोजते. समजा एक उपासिका नागपूरहून दिल्लीला गेली, तिथे विमान बदलून गयेला गेली आणि त्याच मार्गाने परत आली. नागपूरला ती चढली, दिल्लीला उतरली, पुन्हा दिल्लीला चढली, गयेला उतरली. जाताना चार नोंदी, येताना चार नोंदी. माणूस एक, यात्रा एक, पण विमानतळांच्या बेरजेत तिची नोंद आठ वेळा झाली. डीजीसीए देशांतर्गत प्रवासात विमान कंपन्यांनी किती प्रवासी वाहून नेले ते मोजते. तिथे प्रत्येक उड्डाणाला एक नोंद होते, म्हणजे याच उपासिकेच्या चार.

म्हणून २०२३-२४ या वर्षात देशातील विमानतळांवर ३७.६ कोटी प्रवासी झाले असे वाचले, तर देशातील ३७ कोटी लोक विमानात बसले असा अर्थ होत नाही. डीजीसीएच्या आकड्यानुसार २०२४ या कॅलेंडर वर्षात देशांतर्गत विमानांनी सुमारे १६.१ कोटी प्रवासी नेले. त्यातही कामानिमित्त महिन्याला चार वेळा मुंबई-दिल्ली करणारा अधिकारी वर्षात शंभराच्या जवळपास नोंदी एकटाच करतो. आयुष्यात एकदाच विमानात बसलेल्या आपल्या आजीची नोंद त्या बेरजेत एक किंवा दोन. सरासरीमागे कोण लपले आहे हे विचारल्याशिवाय कोणताही आकडा स्वीकारू नये, हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. विमानतळाच्या आकड्यालाही तोच नियम लागू होतो.

पडझड आणि उभारी

आता गेल्या काही वर्षांचा आलेख पाहू. २०१८-१९ मध्ये देशातील विमानतळांवर मिळून सुमारे ३४.५ कोटी प्रवासी झाले. पुढच्या वर्षी हा आकडा ३४.१ कोटींवर थांबला. त्यामागे दोन कारणे होती. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, आणि वर्षाच्या शेवटी कोरोना आला.

२५ मार्च २०२० पासून देशांतर्गत उड्डाणे पूर्ण थांबली. दोन महिन्यांनी, २५ मे रोजी ती मर्यादित प्रमाणात सुरू झाली. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे तर २७ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे बंद होती. त्यामुळे २०२०-२१ मध्ये प्रवासी ११.५ कोटींवर घसरले. त्यानंतर २०२१-२२ मध्ये सुमारे १८.९ कोटी, २०२२-२३ मध्ये ३२.७ कोटी, २०२३-२४ मध्ये ३७.६ कोटी आणि २०२४-२५ मध्ये ४१ कोटींच्या वर अशी चढण झाली. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी देशांतर्गत विमानांनी पहिल्यांदाच एका दिवसात पाच लाखांहून अधिक प्रवासी नेले.

प्रवाशांच्या आकड्यासोबत विमानांच्या हालचालींचा आकडाही पाहायला हवा. हालचाल म्हणजे एक उड्डाण किंवा एक अवतरण. २०१९-२० मध्ये देशात सुमारे २६ लाख हालचाली झाल्या आणि २०२३-२४ मध्ये सुमारे २६.७ लाख. प्रवासी साडेतीन कोटींनी वाढले, पण विमानांच्या हालचाली जेमतेम तेवढ्याच राहिल्या. ढोबळ भागाकार केला तर एका हालचालीमागे आधी सुमारे १३१ प्रवासी होते, ते १४१ झाले.

याचा सरळ अर्थ असा की विमाने मोठी झाली आणि जास्त भरून जाऊ लागली. १८० ते २३० आसनांची विमाने कंपन्यांना परवडतात, पण ती भरायला रोज तेवढे प्रवासी लागतात. असे प्रवासी मोठ्या शहरांत मिळतात. सत्तर-ऐंशी आसनांचे पंख्याचे छोटे विमान लहान गावांसाठी योग्य, पण देशातील वाढीचा मोठा वाटा त्या विमानांचा नाही. कुशीनगरचे उत्तर इथूनच सुरू होते.

गर्दी कुठे आहे

२०२३-२४ मध्ये एकट्या दिल्ली विमानतळावर सुमारे ७.४ कोटी आणि मुंबईत सुमारे ५.३ कोटी प्रवासी झाले. म्हणजे देशाच्या एकूण वाहतुकीचा एक तृतीयांश भाग या दोन शहरांत. त्यात बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई आणि कोलकाता मिळवले की सहा शहरांत साठ टक्के वाहतूक झाली. देशात वापरात असलेले विमानतळ २०१४ मध्ये ७४ होते, ते दहा वर्षांत दीडशेच्या पुढे गेले. याचा अर्थ उरलेल्या दीडशेच्या आसपास विमानतळांनी चाळीस टक्के वाटून घेतले, आणि त्यातलाही मोठा हिस्सा पुणे, अहमदाबाद, कोची, गोवा, लखनौ अशा शहरांकडे गेला. नव्या लहान विमानतळांच्या वाट्याला काय उरले असेल, याचा अंदाज करता येतो.

नागपूरचे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. नकाशावर देशाच्या मध्यभागी असल्यामुळे १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेचे नागपूर हे केंद्र होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरात जमत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलून पहाटेपर्यंत परत जात. आज ज्याला 'हब' म्हणतात ते हेच. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून नागपूरला आले तेही विमानानेच. दोन महिन्यांच्या आत त्यांचा पार्थिव देह दिल्लीहून मुंबईला आणला गेला, तोही विमानानेच. २००५ मध्ये नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव मिळाले.

पण आज दिल्ली, मुंबई, बंगळुरूची विमाने मध्ये न थांबता एकमेकांकडे जातात. मध्यभागी असण्याचा फायदा विमानाचा पल्ला वाढला तसा कमी झाला. बाबासाहेबांच्या नावाच्या विमानतळावर वर्षाला होणारे प्रवासी मुंबईच्या तुलनेत फार थोडे आहेत. आणि अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जो जनसागर येतो, तो या आकड्यांत दिसतच नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लाखो लोकही मुंबई विमानतळाच्या आकड्यांत दिसत नाहीत. ते रेल्वेने येतात, एसटीने येतात, टेम्पोने येतात. विमानतळाच्या आलेखाला आपली सर्वात मोठी गर्दी दिसत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी नियोजनही होत नाही.

कुशीनगर, गया आणि लुंबिनी

२० ऑक्टोबर २०२१ रोजी, आश्विन पौर्णिमेला, कुशीनगर विमानतळाचे उद्घाटन झाले. सुमारे २६० कोटी रुपये खर्च आणि ३.२ किलोमीटरची धावपट्टी. श्रीलंकेहून पहिले विमान उतरले, त्यात शंभराहून अधिक भिक्खू आणि मान्यवर होते आणि सोबत पवित्र अस्थिधातू होते. त्या दिवशीची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी फोनमध्ये जपून ठेवली आहेत. महिनाभरात, २६ नोव्हेंबरला, दिल्ली-कुशीनगर प्रवासी सेवाही सुरू झाली. पण ती टिकली नाही. पुढे बराच काळ या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एकही नियमित प्रवासी विमान नव्हते.

असे का झाले? त्याची कारणे आम्हाला अशी दिसतात.

पहिले कारण शेजारचे विमानतळ. गोरखपूर कुशीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिथून दिल्ली, मुंबईला आधीपासून विमाने आहेत. गोरखपूर मोठे शहर आहे, तिथे बारा महिने व्यापारी, विद्यार्थी, रुग्ण, परदेशात मजुरीला जाणारे कामगार असे प्रवासी मिळतात. विमान कंपनी तिथेच विमान लावते. सारनाथसाठी वाराणसी आहेच.

दुसरे कारण हंगाम. बौद्ध यात्रेकरू वर्षावास संपल्यावर निघतात. ऑक्टोबर ते मार्च हा त्यांचा काळ. पुढचे सहा महिने कडक ऊन आणि पाऊस. आता देशाच्या आलेखात पाहिले तर जुलै ते सप्टेंबर हे महिने सगळीकडेच मंद असतात, पण मोठ्या विमानतळांवर ही घट थोडी असते. केवळ यात्रेकरूंवर अवलंबून असलेल्या विमानतळावर मात्र विमानेच थांबतात.

तिसरे कारण धुके. यात्रेचा ऐन हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारी, आणि त्याच दिवसांत तराईच्या पट्ट्यात दाट धुके असते. कमी दृश्यतेत विमान उतरवण्यासाठी खास यंत्रणा लागते. ती जिथे पुरेशी नाही तिथे विमान रद्द होते किंवा दुसरीकडे वळवले जाते. दोन-तीन वेळा असे झाले की प्रवासी त्या मार्गाचे तिकीट काढणे सोडतो आणि मार्ग तोट्यात जातो.

गयेचे चित्र थोडे वेगळे आहे. हिवाळ्यात थायलंड, श्रीलंका, म्यानमार आणि भूतानहून गयेला थेट विमाने येतात. बोधिवृक्षाखाली जगभरचे उपासक दिसतात ते या विमानांमुळेही. पण गया विमानतळ केवळ बौद्ध यात्रेवर जगत नाही. दिल्ली आणि कोलकात्याशी त्याचा देशांतर्गत संपर्क आहे, पितृपक्षात पिंडदानाला येणारे लोक आहेत, आणि बिहारमधील हज यात्रेकरूंची विमानेही गयेहून सुटतात. वेगवेगळ्या समाजांचे वेगवेगळे हंगाम एकमेकांना आधार देतात. तरीही परदेशातील घडामोडींचा फटका बसतोच. २०२१ मधील म्यानमारचा लष्करी उठाव आणि २०२२ मधील श्रीलंकेचे आर्थिक संकट, यांचा परिणाम त्या देशांतील सामान्य उपासकाच्या खिशावर आणि प्रवासावर होणारच. यात्रा श्रद्धेने होते, पण तिकीट पैशाने निघते.

तिसरे उदाहरण शेजारच्या नेपाळचे. १६ मे २०२२ रोजी, बुद्ध पौर्णिमेला, लुंबिनीजवळ भैरहवा येथे गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. आशियाई विकास बँकेच्या कर्जाच्या मदतीने तो उभा राहिला. तीन किलोमीटरची धावपट्टी आहे, टर्मिनल चांगले आहे. पण नेपाळची आंतरराष्ट्रीय वाहतूक अजूनही मुख्यतः काठमांडूवरूनच होते. कंपन्या आल्या, काही दिवस उडाल्या आणि कमी झाल्या. पश्चिमेकडून नेपाळमध्ये येण्यासाठी जास्तीचे हवाई मार्ग मिळावेत ही नेपाळची भारताकडची मागणी जुनी आहे. मार्ग लांबचा पडला की इंधन जास्त लागते आणि कंपनी मागे हटते. विमान येवो न येवो, कर्जाचा हप्ता मात्र भरावाच लागतो, आणि तो नेपाळमधील सामान्य करदाता भरतो.

तिन्ही ठिकाणांवरून एकच गोष्ट कळते. उद्घाटनाने विमानतळ सुरू होतो, पण तो चालतो बारा महिन्यांच्या नियमित प्रवाशांवर.

'उडान'चा हिशोब

लहान शहरांना विमानाने जोडण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'उडान' योजना आणली. तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर उडाले. हेतू चांगला होता. साधारण तासाभराच्या प्रवासाला काही आसने अडीच हजार रुपयांच्या आसपास द्यायची आणि कंपनीचा तोटा सरकारने तीन वर्षे भरून काढायचा. या निधीसाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी होते आणि राज्यांचाही वाटा असतो.

योजनेचे काय झाले ते भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०२३ च्या अहवालात सांगितले. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यातील ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही. जे ३७१ सुरू झाले त्यातील ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली. आणि मदत संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, टिकले फक्त ५४. शंभर मार्ग जाहीर झाले तर सातच टिकले, असा हा हिशोब आहे.

महाराष्ट्रातील लहान विमानतळांची एक जुनी तक्रार आहे की मुंबईत उतरण्याची वेळ, ज्याला 'स्लॉट' म्हणतात, मिळत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथे १८० प्रवाशांचे विमान आणि ७० प्रवाशांचे विमान तेवढीच वेळ घेते. मग लहान विमानाला जागा कोण देणार? नवी मुंबईचा लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नावाने ओळखला जाणारा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. त्यामुळे ही कोंडी किती सुटते ते पाहावे लागेल. राज्यातील लहान शहरांच्या लोकप्रतिनिधींनी तिथल्या स्लॉटची मागणी आत्ताच केली पाहिजे. नंतर जागा उरत नाही, हा मुंबईचा अनुभव आहे.

महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या दिवशी

आकडे वाढत असताना एक धोकाही वाढला आहे. जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. प्रवासी वाढत गेले, पण त्यांना नेणाऱ्या कंपन्या कमी होत गेल्या. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकट्या इंडिगोने जातात.

याचा परिणाम डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिसला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते. ते प्रवाशांच्या सुरक्षेसाठी योग्यच आहेत, पण कंपनीने त्यासाठी पुरेसे वैमानिक तयार ठेवले नव्हते. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन होता. बाकीच्या विमानांची भाडी गगनाला भिडली, तेव्हा ६ डिसेंबरला सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये. ही मर्यादासुद्धा घरकाम करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या कमाईच्या पुढची असू शकते.

त्या दिवशीही चैत्यभूमीवरची गर्दी कमी झाली नाही, कारण आपली बहुसंख्य माणसे विमानावर अवलंबून नव्हतीच. ही अभिमानाची गोष्ट म्हणावी की वंचिततेची खूण, यावर प्रत्येकाने विचार करावा. पण ज्येष्ठांसाठी विमानाचे तिकीट काढून धम्मसहल आखणाऱ्यांनी एवढे नक्की शिकावे की परतीच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवलेला बरा.

विमानतळावरची नोकरी

आकड्यांचा आणखी एक परिणाम आम्हाला रोज दिसतो. "हवाई क्षेत्र झपाट्याने वाढते आहे, विमानतळावर हमखास नोकरी" अशा जाहिराती शहरोशहरी लागतात. बारावी झालेली मुले-मुली हजारो रुपये फी भरून सहा महिन्यांचे अभ्यासक्रम करतात. अनेकदा त्यासाठी आईचे मंगळसूत्र किंवा बचत गटाचे कर्ज कामी येते.

इथे पुन्हा वरचा भागाकार आठवावा. प्रवासी वाढले, पण विमानांच्या हालचाली फारशा वाढल्या नाहीत. सामान चढवणे-उतरवणे, विमान साफ करणे, ते जागेवर लावणे ही कामे हालचालींवर ठरतात, प्रवाशांच्या विक्रमावर नाही. त्यातच अनेक कामे कंत्राटी आहेत आणि प्रवासी स्वतःच यंत्रावर बोर्डिंग पास काढू लागले आहेत. जुलै २०२४ मध्ये मुंबई विमानतळाजवळ सामान उचलण्याच्या सुमारे दोन हजार जागांसाठी हजारो तरुण जमले आणि चेंगराचेंगरीची वेळ आली, ती दृश्ये आपण पाहिली आहेत. त्यांत पदवीधरही होते.

या क्षेत्रात जाऊच नये असे आमचे म्हणणे नाही. विमान देखभाल अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, सुरक्षा दलातील पदे, प्राधिकरणातील आरक्षण असलेल्या जागा, यांकडे जरूर वळावे. फी भरण्याआधी मात्र तीन प्रश्न विचारावेत: या अभ्यासक्रमाला डीजीसीएची मान्यता लागते का, आणि लागत असेल तर ती आहे का? मागच्या वर्षीच्या मुलांना कुठे, किती पगारावर काम मिळाले? आणि ते काम कायम आहे की कंत्राटी?

मग आपण काय मागावे

पहिली गोष्ट, धम्मसहलीचे पैसे भरण्याआधी मार्ग तपासा. विमानांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि मार्चच्या शेवटच्या शनिवारी संपते. पत्रकात "कुशीनगरला विमानाने" असे लिहिले असेल तर त्या वेळापत्रकात असे विमान आहे का ते विचारा. सध्या महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी वाराणसी, गोरखपूर किंवा पाटण्याला विमानाने उतरून पुढे रस्त्याने जाणे हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. पाटण्याहून बुद्धगया रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. पहाटेचे विमान टाळा, धुक्यात तेच आधी रद्द होते.

दुसरी गोष्ट, रेल्वेची मागणी सोडू नका. विमानतळाच्या उद्घाटनांनी आपले लक्ष तिकडे जाते, पण आपल्या समाजाची यात्रा आजही रेल्वेने होते. कोल्हापूरहून गयामार्गे धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच धावते. ती निदान हंगामात तरी जास्त वेळा धावावी, तिला वातानुकूलित आणि साधे असे जादा डबे मिळावेत, ज्येष्ठांची बंद झालेली भाडेसवलत पुन्हा मिळावी, या मागण्या नव्या विमानतळापेक्षा कितीतरी जास्त उपासकांच्या उपयोगाच्या आहेत.

तिसरी गोष्ट, विमानाची मागणी करायची तर आकड्यांनिशी करा. २०२५ च्या कुंभमेळ्यासाठी प्रयागराजला जादा उड्डाणे मंजूर झाली आणि भाडी आटोक्यात ठेवण्यास कंपन्यांना सांगण्यात आले. म्हणजे मागणी दिसली की शासन आणि कंपन्या हलतात. मग बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि हिवाळी यात्रेसाठी नागपूर-गया अशी हंगामी सेवा का नको? त्यासाठी आपल्या विहारांनी, महिला मंडळांनी आणि सहल आयोजकांनी आपापल्या जिल्ह्यातून दरवर्षी किती लोक कोणत्या महिन्यात जातात याची साधी नोंदवही ठेवली पाहिजे. आज अशी नोंद कुणाकडे नाही. प्रत्येक आयोजकाकडे आपली यादी असते आणि सहल संपली की ती हरवते. वर्षभराच्या नोंदी एकत्र करून उन्हाळ्यातच, म्हणजे हिवाळी वेळापत्रक ठरण्याआधी, निवेदन दिले तर त्याला वजन येईल.

बाबासाहेबांनी आपली मांडणी नेहमी आकडे आणि दस्तऐवजांच्या आधारावर उभी केली. शासनाच्या आकड्यांत आपण दिसत नसू, तर आपले आकडे आपणच तयार करणे हे त्यांच्याकडूनच शिकायचे आहे.

त्या ज्येष्ठ उपासिकांना आम्ही आता असे उत्तर देतो: "आजी, कुशीनगरला विमानतळ आहे, पण आपले विमान अजून नाही. गोरखपूरपर्यंत विमानाने जाऊ, पुढे गाडीने दीड-दोन तास. आणि पुढच्या वेळी थेट जायचे असेल तर आज या वहीत तुमचे नाव लिहा."

नमो बुद्धाय, जय भीम.